ॲप उघडलं म्हणजे बरं वाटलं असं नाही

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या शे-दोनशे मधुमेहींना मोबाइलवर एक ॲप दिलं. गोळीची आठवण करून देणारं, साखरेची नोंद ठेवणारं. सहा महिन्यांनी अहवाल येतो: ॲप रोज उघडलं जातं, लोक समाधानी आहेत. यातली पहिली गोष्ट यंत्रानं मोजली. दुसरी त्यावरून कुणीतरी गृहीत धरली. दिवसातून पाचदा ॲप उघडणारी बाई साखरेच्या आकड्याच्या धास्तीनं उघडत असेल. महिनाभर न उघडणाऱ्या आजोबांना गोळीची वेळ अंगवळणी पडली असेल. शिवाय घरात फोन एकच आणि तो नातवाच्या खिशात असेल, तर यंत्र नातवाचीच बोटं मोजत बसतं.

म्हणून आरोग्याच्या ॲपवरच्या संशोधनात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. वापरणं जमलं का? आणि माणसाला बरं वाटतंय का?

पहिल्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी मोजपट्टी, म्हणजे प्रश्नावली, जॉन ब्रूक यांनी 1986 साली तयार केली: ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’. दहा विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 1 म्हणजे अजिबात पटत नाही आणि 5 म्हणजे पूर्ण पटतं. खुबी अशी, की एक विधान कौतुकाचं तर पुढचं तक्रारीचं. कौतुकाच्या विधानाच्या गुणांतून 1 वजा करायचा, तक्रारीच्या विधानाचे गुण 5 मधून वजा करायचे, सगळी बेरीज अडीचनं गुणायची. निकाल 0 ते 100 मध्ये येतो. सरासरी साधारण 68 धरतात. आता कागदावर करून बघा: दहाही विधानांना ‘पटतं, पटतं’ म्हणत 5 दिले तरी निकाल 50, सगळीकडे 1 दिला तरी 50, 3 दिला तरी 50. न वाचता होकार भरणाऱ्याचं उत्तर ना शाबासकी ठरतं ना निषेध. मला हे गणित फार आवडतं, कारण आपल्याकडे प्रश्नावली घेऊन दारात आलेल्या आशाताईंना ‘नाही’ म्हणणं लोकांच्या जिवावर येतं. ताईंनी एवढी पायपीट केली, त्यांचं मन कशाला मोडायचं, असा तो विचार. मात्र तक्रारीची विधानं नीट समजली नाहीत, तर हीच खुबी गोंधळ घालते. वयस्कर माणसांसमोर ती आधी वाचून दाखवून, ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारून घ्यायला हवं.

दुसऱ्या प्रश्नासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची पट्टी आहे, 1998 पासूनची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात रस वाटला का. प्रत्येकाला 0 ते 5. बेरजेला 4 नं गुणलं की पुन्हा 100 पैकी गुण. 50 किंवा त्याखाली आले, तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी असं सुचवतात. दोन मोजण्यांमध्ये 10 गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात.

पण हा फरक ॲपनंच पडला, हे कशावरून? ऑगस्ट 2019 आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. त्या पंधरवड्यात शिरोळमध्ये ही पाच विधानं विचारली असती, तर जगातलं सर्वांत चांगलं ॲपसुद्धा नापास झालं असतं. उलटंही घडतं. पूर ओसरल्यावर, घर पुन्हा उभं राहिल्यावर गुण वाढतात आणि श्रेय ॲपला जातं. त्यातच माणूस अशा अभ्यासात बहुतेकदा अगदी बेजार झालेला असताना येतो. तिथून काही न करताही थोडी सुधारणा होतेच. म्हणून त्याच गावांतल्या, ॲप न दिलेल्या लोकांचीही मोजणी त्याच दिवसांत हवी. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले असतील तर उत्तम. हा खर्च टाळून केलेल्या अभ्यासावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सर्वांत मोठी फसगत मात्र सोडून गेलेल्यांमुळे होते. मानसिक आरोग्याच्या 93 ॲपचा वापर तपासणारा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. इन्स्टॉल करणाऱ्यांपैकी 30 दिवसांनी ते उघडणारे उरले होते 3.3 टक्के. हा मध्यक, म्हणजे निम्म्या ॲपचा आकडा याहून जास्त, निम्म्यांचा कमी. ‘आमचे वापरकर्ते समाधानी आहेत’ या दाव्यात उरलेले जवळपास 97 टक्के कुठेच नसतात. संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी 2005 मध्येच सांगून ठेवलं होतं, की डिजिटल आरोग्याच्या प्रयोगांत गळती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या वाड्यांवर असा अभ्यास करायचा झाला, तर सोडून गेलेल्यांना फोन करण्याचा, फोन लागला नाही तर घरी जाण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. विचारायलाही ॲप बनवणाऱ्या गटातला माणूस पाठवू नये. रेंज नव्हती, डोळ्यांना अक्षर लागत नव्हतं, फोन मुलगा पुण्याला घेऊन गेला, की बरं वाटलं म्हणून गरजच उरली नाही? यातलं प्रत्येक उत्तर वेगळं काम सांगतं, आणि सर्व्हरवरच्या नोंदीत या सगळ्यांच्या जागी एकच शून्य दिसतं.