तीव्र कुपोषणाचे समुदायाधारित व्यवस्थापन

दुष्काळ, युद्ध किंवा विस्थापनाच्या काळात तीव्र कुपोषित (सॅम) बालकांवर त्यांच्या घरीच उपचार करण्याची पद्धत. भूक मेलेली किंवा दुसऱ्या गंभीर आजाराने ग्रासलेली बालके तेवढी रुग्णालयात दाखल करतात. क्षेत्रीय संशोधन आणि स्वस्त साधने यांच्या जोरावर मदतकार्यातील आरोग्य धोरण मुळापासून बदलल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

१९९० च्या दशकात अशा बालकांसाठी उपचार-आहार केंद्रे चालत. तेथे एफ-७५ आणि एफ-१०० ही औषधी दुधे दिली जात. ती शुद्ध पाण्यात कालवावी लागत आणि लवकर नासत, त्यामुळे घरी देता येत नसत. आईला बाळासह कित्येक आठवडे केंद्रात राहावे लागे. मागे उरलेली मुले आणि पेरणी वाऱ्यावर. गर्दीत संसर्ग पसरे तो वेगळाच. केंद्राच्या वहीत बरे झालेल्यांचे प्रमाण चांगले दिसे, पण जी बालके केंद्रापर्यंत आलीच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच वहीत नसे.

१९९६ मध्ये आंद्रे ब्रियां व मिशेल लेस्कान या फ्रेंच संशोधकांनी शेंगदाण्याचा लगदा, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांची पेस्ट तयार केली. तिच्यात पाणी जवळजवळ नसल्याने जंतू वाढत नाहीत, शिजवावे काही लागत नाही आणि मूल पाकिटातूनच चोखून खाते. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटातून सुमारे ५०० किलोकॅलरी मिळतात. २००० मध्ये इथिओपियातील दुष्काळात डॉ. स्टीव्ह कॉलिन्स व सहकाऱ्यांनी ही पेस्ट घरी देऊन उपचार करून पाहिले. घरी सोडलेले मूल दगावले तर जबाबदार कोण, हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. त्याला उत्तर आकड्यांनी मिळाले. २००१ ते २००५ या काळात मलावी, इथिओपिया व सुदानमधील २१ कार्यक्रमांत २३,५११ बालकांवर उपचार झाले; ७९.४ टक्के बरी झाली, ४.१ टक्के दगावली. गरजू बालकांपैकी किती जणांपर्यंत उपचार पोहोचले, हेही येथे मोजले गेले, आणि माझ्या मते खरी कलाटणी या मोजणीनेच दिली. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम आणि संयुक्त राष्ट्रांची पोषणविषयक स्थायी समिती यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या पद्धतीला मान्यता दिली.

बालके हुडकण्याचे साधन म्हणजे दंडघेर पट्टी. डावा हात सैल सोडून खांदा व कोपर यांच्या मध्यावर ती गुंडाळतात. पट्टीवरच्या छोट्या खिडकीत लाल रंग दिसला, म्हणजे घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल सॅम ठरते. ११५ ते १२५ च्या दरम्यान पिवळा, त्यापुढे हिरवा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहिला, तर घेर कितीही असो, मूल सॅमच. वजनकाटा नको, तक्ता नको, अक्षरओळखही नको. नायजरमधील अभ्यासांत प्रशिक्षित मातांनी केलेले मोजमाप आरोग्यसेविकांच्या तोडीचे ठरले.

भारतात प्रश्न निराळा आहे. येथील बहुतेक सॅम बालके छावणीत नसतात. ती गावात, पाड्यावर, बारमाही दारिद्र्यात असतात. महाराष्ट्रात मेळघाट, नंदुरबारसारख्या भागांत अंगणवाडीतील ग्राम बालविकास केंद्रांत अशा बालकांना जादा आहार व औषधे देतात. पाकिटबंद पेस्ट मात्र वादग्रस्त राहिली. ती घरच्या अन्नाची जागा घेईल आणि कंपन्यांचे फावेल, असा अन्न अधिकार चळवळीचा आक्षेप. २०१७ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे सांगत केंद्र सरकारने राज्यांना तिच्या वापरापासून परावृत्त केले. त्याआधी २०१६ मध्ये दिल्ली, राजस्थान व तमिळनाडूतील चाचणीचे निष्कर्ष आले होते: १६ आठवड्यांत स्थानिक पातळीवर बनवलेल्या पेस्टने ५६.९ टक्के, कारखान्यातील पेस्टने ४७.५ टक्के, तर घरी शिजवलेल्या पूरक आहाराने ४२.८ टक्के बालके सुधारली. उपचार थांबल्यावर मात्र तिन्ही गटांतील लाभ बराच ओसरला.