बॅरिॲट्रिक स्टेपलरची चाचणी

वजन कमी करायच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, मुख्यतः स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवणं) आणि गॅस्ट्रिक बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं), जठर कापणारा आणि त्याच झटक्यात कापलेल्या दोन्ही कडा टायटॅनियमच्या स्टेपलने बंद करणारा स्टेपलर वापरतात. असा नवीन स्टेपलर पेशंटपर्यंत पोचायच्या आधी आणि पोचल्यावरही त्याच्यावर ज्या परीक्षा होतात, त्यांची ही नोंद. परीक्षेचा सगळा रोख दोन गोष्टींवर असतो, स्टेपलच्या रेषेतून रक्त येणं आणि लीक होणं. दुसरी जास्त भयंकर, कारण जठरातलं सगळं पोटाच्या पोकळीत उतरतं आणि पेशंट महिनोन्‌महिने अडकून पडतो.

स्टेपलर मुळात कोणाचा, यावर जुना वाद आहे. श्रेय बहुतेक ठिकाणी बुडापेस्टचा सर्जन ह्यूमेर ह्युल्टल याला देतात, साल 1908. पण यंत्र प्रत्यक्ष घडवलं व्हिक्टर फिशर या कारागिराने, म्हणून काही जण दोघांचीही नावं घेतात आणि ते जास्त रास्त वाटतं. यंत्राचं वजन कुठे साडेतीन किलो तर कुठे पाच किलो दिलेलं सापडतं, जुळवायलाच दोन तास लागायचे यावर मात्र एकमत आहे. एवढं अवजड असूनही त्यात आजच्या स्टेपलरचं बहुतेक सगळं होतं : एकाआड एक सरकवलेल्या दुहेरी ओळी, आणि इंग्रजी बी अक्षरासारखी वळणारी तार. हा आकार महत्त्वाचा, कारण बीच्या दोन पोकळ्यांमधून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात आणि कड मरत नाही. पुढे आलादार पेट्झने हलकं यंत्र केलं (1920 किंवा 1921, यंत्र बनल्याचं साल धरायचं की ते सर्जनांपुढे मांडल्याचं यावर अवलंबून), आणि 1934 मध्ये जर्मनीत उल्मच्या फ्रीडरिशने स्टेपलचा भाग बदलता येईल अशी सोय केली.

अमेरिकन लेखांत बऱ्याचदा गोष्ट थेट अमेरिकन सर्जन मार्क रॅविचपासून सुरू होते. तो 1958 मध्ये सोव्हिएत युनियनला गेला, कीव्हमध्ये स्टेपलरने श्वासनलिका बंद करताना पाहिली, आणि लेनिनग्राडच्या एका दुकानातून एक यंत्र विकत घेऊन आला, असं सांगतात. गोष्ट रंजक आहे पण सुरुवात म्हणून चुकीची, कारण मॉस्कोत शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी वेगळी संस्था 1951 पासून होती आणि तिच्याही आधी हंगेरियन मंडळी. रॅविच आणि त्याचा सहकारी फेलिशियन स्टायकन यांचं काम खरं मोठं आहे ते पुढच्या टप्प्यात. सोव्हिएत यंत्रात स्टेपल एकेक करून हाताने भरावे लागत, तर लिऑन हर्शच्या युनायटेड स्टेट्स सर्जिकल कंपनीने 1967 च्या सुमारास आधीच भरलेली, वापरून टाकून द्यायची कार्ट्रिज (स्टेपलची डबी) बाजारात आणली. चाचणीच्या दृष्टीने खरा फरक इथे पडला असं प्रस्तुत नोंदकाराचं मत आहे, कारण स्टेपल नीट बसलाय का याची जबाबदारी ओटीतल्या माणसाकडून कारखान्याकडे गेली. दुर्बिणीतून जाणारा लांब दांड्याचा स्टेपलर 1990 च्या आसपासचा. त्याच्याशिवाय विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी सॅन डिएगोत 1993 मध्ये केलेला दुर्बिणीचा बायपास किंवा 1999 पासून दुर्बिणीने होऊ लागलेली स्लीव्ह, दोन्ही शक्यच नव्हतं.

चाचणी अवघड होण्याचं कारण खुद्द जठरात आहे. पायलोरसकडचा (जठराच्या खालच्या तोंडाकडचा) भाग जाड आणि मांसल, वर फंडसकडे (वरच्या घुमटाकडे) जाल तसा पातळ, आणि एकच रेषा या सगळ्यातून जाते. म्हणून कार्ट्रिजचे रंग असतात : बंद झाल्यावर स्टेपलची उंची पांढऱ्यात साधारण 1 मिलिमीटर, निळ्यात 1.5, हिरव्यात 2. उंची कमी पडली तर टिश्यू चिरडून कड काळी पडते आणि जास्त झाली तर रक्त थांबत नाही, मधली जागा अरुंद. 2012 मध्ये छापून आलेल्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात (मागे 12,000 हून जास्त केसेसचा अनुभव) स्लीव्हमध्ये 1.5 मिलिमीटरपेक्षा कमी बंद उंची कुठेच वापरू नका आणि अँट्रमवर (पायलोरसच्या अलीकडच्या जाड भागावर) हिरव्याच्या खाली जाऊ नका असं म्हटलंय. स्टेपलरचा जबडा मिटून फायर करायच्या (स्टेपल मारून कापायच्या) आधी काही सेकंद थांबायचं असतं, टिश्यूतलं पाणी बाजूला सरकून जाडी कमी होते. घाईतला सर्जन हे थांबणं हमखास विसरतो, त्यामुळे नव्या काही पॉवर्ड (मोटरवर चालणाऱ्या) स्टेपलरमध्ये वेग मोटरच ठरवते आणि मग मोटरचीही वेगळी परीक्षा आली.

प्रयोगशाळेतली मुख्य परीक्षा म्हणजे बर्स्ट प्रेशर, म्हणजे रेषा फुटायला लागणारा दाब. डुकराच्या किंवा ऑपरेशनमध्ये काढून टाकलेल्या माणसाच्या जठराच्या तुकड्यावर स्टेपलर फायर करायचा, आत रंगीत पाणी भरत जायचं, आणि किती दाबाला रेषेतून थेंब येतो ते मोजायचं. टिश्यू ताजा लागतो, फ्रीजरमधून काढलेल्याचा ताण वेगळा येतो. किती दाब सहन झाला म्हणजे पास, हे मात्र म्हणावं तितकं सरळ नाही. 2008 च्या एका मोजणीत पूर्ण जठर भरल्यावर आतला दाब सरासरी 34 मिलिमीटर पारा आणि स्लीव्ह भरल्यावर 43 मिळाला होता, म्हणजे नळी अरुंद झाली की दाब वाढतो, वर खोकला आणि उलटीचा झटका वेगळा. पण प्रयोगशाळेतला स्टेपलर सहसा याच्या कितीतरी पुढचा दाब सोसतो आणि तरीही माणसात लीक होतात. बेकर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये याचा उलगडा असा केला की पहिल्या दोन दिवसांतले लीक यांत्रिक, आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतरचे रक्तपुरवठा तुटल्यामुळे. हे पूर्ण सिद्ध नाही, तरी जास्त पटतं, कारण ओटीतच मिथिलिन ब्लू हा निळा रंग टाकून किंवा हवा भरून केलेली टेस्ट निगेटिव्ह आलेले पेशंटही आठवड्याने लीक घेऊन परत येतात. मेलेल्या टिश्यूवरची कुठलीच परीक्षा हा दुसरा प्रकार पकडू शकत नाही.

म्हणून जिवंत प्राणी, आणि तो बहुतेक वेळा डुक्कर. ऑपरेशन करून काही आठवडे जगू द्यायचं आणि मग रेषा मायक्रोस्कोपखाली बघायची. अडचण अशी की डुकराच्या जठराला फंडसपाशी एक जादा पिशवी असते, भिंतीची जाडी माणसासारखी बदलत नाही, आणि प्रयोगातली डुकरं तरुण, धडधाकट असतात, ना डायबेटिस ना फॅटी लिव्हर. पुढची पायरी कॅडॅव्हर, म्हणजे माणसाचं मृत शरीर. तिथे टिश्यूपेक्षा हाताळणी तपासतात, पोर्टमधून (पोटावरच्या छिद्रातल्या नळीतून) जबडा वळतो का, स्प्लीनजवळच्या (प्लीहेजवळच्या) कोपऱ्यात टोक दिसतं का, वगैरे.

नियमांची बाजू अमेरिकेत बरीच वर्षं ढिली होती. शरीराच्या आत वापरायचा स्टेपलर सगळ्यात कमी धोक्याच्या क्लास 1 मध्ये, जवळपास हातमोज्यांच्या रांगेत, आणि त्यातले स्टेपल मात्र क्लास 2 मध्ये! मार्च 2019 मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषधं-उपकरणांची नियामक संस्था) सांगितलं की 1 जानेवारी 2011 ते 31 मार्च 2018 या काळात 41,000 हून जास्त तक्रारी आल्या, त्यात 366 मृत्यू आणि 9,000 च्या वर गंभीर इजा. यातला मोठा भाग लोकांना दिसणाऱ्या डेटाबेसमध्ये नव्हताच, कंपन्यांना सारांश रूपाने वेगळा कळवायची सवलत होती. 2016 चे उघड रिपोर्ट शंभराच्या आत आणि बंद दाराआडचे दहा हजारांच्या जवळ, असं पत्रकारांनी बाहेर काढलं. ऑक्टोबर 2021 मध्ये स्टेपलर क्लास 2 मध्ये गेला आणि फायर करायला लागणारा जोर, स्टेपलची बंद उंची, रेषेची ताकद, सर्जन लेबल वाचून नीट वापरतो का, या सगळ्याचा पुरावा सक्तीचा झाला. तरी माणसांवरची ट्रायल बहुतेकदा लागत नाहीच, बाजारातल्या जुन्या उपकरणाशी साधर्म्य दाखवलं की परवानगी मिळते.

आणि ट्रायल करायची म्हटली तरी गणित आडवं येतं. लीकचं प्रमाण आधीच एक-दोन टक्के, ते 2 वरून 1 टक्क्यावर आलं हे रीतसर दाखवायचं तर प्रत्येक गटात साधारण 2,300 पेशंट हवेत, म्हणजे एकूण 4,600, आणि एवढा खर्च एका स्टेपलरसाठी कोणी करत नाही. मग ट्रायलमध्ये मोजतात काय तर रक्त थांबवायला रेषेवर किती वेळा क्लिप मारावी लागली, किती कार्ट्रिज लागली, किती मिनिटं वाचली, मिसफायर किती. हे खोटं नाही पण पेशंटला ज्याची भीती असते ते हे नाही. रेषा मजबूत करायला तिच्यावर घालायच्या पट्टीचं उदाहरण बोलकं आहे. 2014 च्या एका आढाव्यात, 88 लेखांतले 8,920 पेशंट एकत्र करून, विरघळणारी पट्टी लावली तर लीक 1.09 टक्के आणि काहीच नाही लावलं तर 2.6 टक्के असं आलं, सगळे खूश. 2016 मध्ये अमेरिकन रजिस्ट्रीतल्या (ऑपरेशनांच्या नोंदवहीतल्या) 1,89,477 स्लीव्ह पाहिल्या तर पट्टीवाल्यांत लीक उलट जास्त, 0.96 विरुद्ध 0.65 टक्के, फक्त रक्तस्राव कमी. रजिस्ट्रीतही सर्जन अवघड केसलाच पट्टी लावत असणार हा आक्षेप खरा आहे, पण आढाव्यातले लेख छोटे आणि निवडक होते, तेव्हा आकड्यांचं पारडं रजिस्ट्रीकडेच झुकतं.

अलीकडचं लक्षात ठेवण्यासारखं उपकरण म्हणजे सिनसिनाटीच्या स्टँडर्ड बॅरिॲट्रिक्स कंपनीचा टायटन एसजीएस. नेहमीच्या स्लीव्हमध्ये 60 मिलिमीटरची पाच-सहा कार्ट्रिज एकापुढे एक फायर करतात, प्रत्येक जोडावर जुने-नवे स्टेपल एकमेकांवर येतात आणि रेषा नागमोडी जाऊ शकते. टायटनची रेषा 23 सेंटिमीटरची, एकाच फायरमध्ये. 2021 मध्ये साधर्म्याच्या मार्गानेच त्याला एफडीएची परवानगी मिळाली आणि 2022 मध्ये टेलिफ्लेक्सने कंपनी विकत घेतली. जोड गेले हे उघड आहे, पण पहिल्याच फायरला रेषा चुकली तर सुधारायला जागा राहत नाही हीही दुसरी बाजू. अशा साधनाच्या परीक्षेत आत काही राहिलं नाही ना हे बघणं अजून महत्त्वाचं ठरतं. बुजी (स्लीव्हचं माप धरायला तोंडातून घातलेली नळी), नाकातली नळी किंवा तापमानाची वायर चुकून स्टेपल झाल्याच्या केसेस साध्या स्टेपलरच्याही नोंदलेल्या आहेत, आणि भूलतज्ज्ञाला मोठ्याने विचारून मगच फायर करायची शिस्त त्यातूनच आली.

भारतात दुर्बिणीची शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उडवाडिया यांनी पित्ताशय काढून सुरू केली. उपकरणांसाठी मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017 लागू आहेत : आधीचं तुलना करण्याजोगं उपकरण नसेल तर पायलट (छोटी, सुरुवातीची) आणि मग पिव्होटल (मोठी, निर्णायक) अशी क्लिनिकल तपासणी, तिला एथिक्स कमिटीची मंजुरी. ट्रायलची सीटीआरआयवर (भारताची क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंद जून 2009 पासून सक्तीची आहे. आशियाई पेशंटसाठी ऑपरेशनची मर्यादा बीएमआय 27.5 पासून धरायची असं 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आहे, तेव्हा इथले पेशंट पाश्चात्त्य ट्रायलमधल्यांपेक्षा सरासरी हलके असू शकतात आणि तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. एकदा वापरून टाकून द्यायचा हँडल ईटीओत (निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूत) घालून पुढच्या पेशंटला वापरण्याची पद्धत खर्चामुळे काही ठिकाणी आहे, कंपनीची चाचणी मात्र एका पेशंटमधल्या ठराविक फायरपुरतीच केलेली असते.