इथिलीन-मापन (फळे पिकवणे व साठवण)

फळे-भाज्या पिकवताना किंवा साठवताना भोवतालच्या हवेतील इथिलीन वायूचे प्रमाण सतत मोजत राहून ते हवे तेवढेच राखण्याची पद्धत. इथिलीन हा रंगहीन वायू असून वनस्पतींमध्ये तो संप्रेरकाचे काम करतो. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतील इथिलीनमुळेच वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात, हे दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवले. सफरचंदे हा वायू स्वतःच तयार करतात, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले.

मापनाची गरज याच शोधातून कळते. केळी, आंबा, टोमॅटो, सफरचंद यांना इथिलीन लागले की ती स्वतःही ते सोडू लागतात. त्यामुळे खोलीत किती वायू सोडला यावरून आत किती आहे हे ठरत नाही. द्राक्षे, संत्री यांचे असे होत नाही. इथिलीनने संत्र्याची साल पिवळी पडते, पण गर अधिक गोड होत नाही.

केळी पिकवण्याच्या खोलीत साधारण १०० ते १५० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) इथिलीन २४ ते ४८ तास ठेवतात. तापमान १४ ते १८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते. पेट्यांना भोके असतात आणि पंखे हवा त्यांतून खेचतात. तरच मधल्या घडाला बाहेरच्या घडाइतका वायू मिळतो. इथिलीनचा आकडा बरोबर असूनही केळी हिरवीच राहिली, तर आधी कार्बन डायऑक्साइड पाहावा. फळांच्या श्वसनातून तो साचतो आणि एक टक्क्याच्या वर गेला की इथिलीनचा परिणाम मंदावतो. म्हणून ठरावीक वेळाने खोलीत ताजी हवा घेतात. इथिलीनचा एकटा आकडा कधीच पुरेसा नसतो.

पिकवण्याच्या खोलीत विद्युत-रासायनिक किंवा अवरक्त किरणांचे संवेदक पुरतात. पहिल्या प्रकाराला अल्कोहोल आणि कार्बन मोनॉक्साइडची बाधा होते. जास्त पिकलेले फळ अल्कोहोल सोडते, तेव्हा आकडा फुगतो. अचूक पडताळणीसाठी वायू-वर्णलेखन (मिश्रणातील वायू वेगवेगळे करून मोजण्याची पद्धत) वापरतात.

साठवणीत गणित उलटे असते. तेथे इथिलीन नको असते: त्याने काकडी व ब्रोकोली पिवळी पडते, गाजर कडवट होते, किवी तर अत्यल्प इथिलीननेही मऊ पडते. तेथे पीपीएमचा शतांश मोजणारी उपकरणे लागतात आणि वायू शोषण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचे दाणे ठेवतात. जांभळे दाणे तपकिरी झाले की बदलायची वेळ आली.

सुरक्षेसाठीही मापन हवेच. हवेत सुमारे २.७ टक्के, म्हणजे २७,००० पीपीएम इथिलीन झाले की ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. पिकवण्याचे प्रमाण याच्या खूप खाली असते. धोका असतो तो सिलिंडरच्या गळतीचा.