हातचा कुठे राहतो?

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो निरोप पुन्हा फिरला: ‘रोज एक सुडोकू सोडवा, अल्झायमर जवळ फिरकणार नाही.’ तळमजल्यावरच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी सुडोकूचं पुस्तक आणून आपल्या ८८ वर्षांच्या आईपुढे ठेवलं. बारीक टाइप, फिकट छपाई. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, “माझं डोकं गेलं रे आता.” ऐकून वाईट वाटलं आणि रागही आला. त्यांचं डोकं अजिबात गेलेलं नाही. कोडं त्यांच्यासाठी नव्हतं आणि त्यासोबत दिलेलं वचन खरं नव्हतं.

माझी आजी ९१ वर्षांची आहे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं आजही घडाघडा म्हणते. पाहुणे थक्क होतात. पण पाढे म्हणताना मेंदूला फारसं काही धरून ठेवावं लागत नाही. ते ऐंशी वर्षांपूर्वी पक्के बसलेत, एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. खरी मेहनत कुठे पडते ते मला कापरेकरांच्या वजाबाकीत दिसलं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. जन्म १९०५ चा, डहाणूचा, आणि माध्यमिक शिक्षण इथलं, ठाण्यातलं. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला शोध मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि गाडी तिथेच थांबते.

आजीने आपलं जन्मसाल घेतलं, १९३४. कॅलेंडरच्या जुन्या पानाची मागची बाजू, जाड स्केचपेन, बोटभर उंचीचे अंक. ९४३१ वजा १३४९, आले ८०८२. मग ८८२० वजा ०२८८. ती पुटपुटत होती: “शून्यातून आठ जात नाहीत, दहातून आठ गेले दोन, हातचा एक. आठ आणि एक नऊ. दोनातून नऊ जात नाहीत, बारातून नऊ गेले तीन, हातचा...” एवढ्यात बेल वाजली. इस्त्रीवाला. कपडे मोजून घेऊन ती परत बसली. “आठातून दोन गेले सहा.” उत्तर लिहिलं ८६३२.

हातचा हरवला. पण मुळात तो होता कुठे?

कागदावर नव्हता, पाठांतरातही नव्हता. काही सेकंदांपुरती, काम चालू असेपर्यंतच टिकणारी एक स्मृती असते. शास्त्रज्ञ तिला वर्किंग मेमरी म्हणतात. मी तिला हातची स्मृती म्हणते. १९७१ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांत तिचा माग लागला. माकडासमोर दोनपैकी एका जागी खाऊ लपवायचा, मग मधे पडदा टाकायचा. पडदा पडलेला असताना, डोळ्यांपुढे काहीच नसताना, कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या काही पेशी विजेचे ठोके देतच राहिल्या. पडदा उघडून निवड होईपर्यंत त्यांनी ती जागा जणू मुठीत धरून ठेवली होती.

हे कसं घडतं, ते मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. भजनात बुवा ओळ म्हणतात, टाळकरी ती उचलतात, त्यांची संपायच्या आत बुवा पुन्हा घेतात. ओळ कुठे लिहिलेली नसते. एकमेकांच्या तोंडी फिरत राहते म्हणूनच ती असते. या पेशींचंही तसंच. एक पेशी दुसरीला चेतवते, दुसरी तिसरीला, आणि फिरून पहिलीला. हे चेतवणं मुख्यतः एनएमडीए नावाच्या, पेशीवर बसून संदेश झेलणाऱ्या ग्राहक-रेणूंमधून होतं. पण दोन पेशी जिथे भेटतात त्याच सांध्यांजवळ पेशीच्या आवरणात दारंही असतात, पोटॅशियमची आणि एचसीएन नावाची. ती उघडली की आलेला संदेश आत पोचण्याआधीच झिरपून जातो. दारं उघडतं सायक्लिक एएमपी नावाचं रसायन. तरुण मेंदू या रसायनावर लगाम ठेवतो. वयानुसार लगाम ढिला पडतो, दारं उघडी राहतात, भजनातले मागचे टाळकरी एकेक करून गप्प होतात.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तरुण, मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माकडांत हे मोजलं. समोर खूण दिसताच ठोके देणाऱ्या पेशी म्हातारपणीही तशाच चालत होत्या. मंदावल्या होत्या त्या खूण गेल्यावर धरून ठेवणाऱ्या. तिथे औषधाने सायक्लिक एएमपी रोखलं तेव्हा त्या पुन्हा बऱ्याच जोमाने बोलू लागल्या. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या. म्हातारपणी मेंदूतल्या पेशी भराभर मरतात हा समजही असाच ढोबळ आहे. निरोगी माणसात विसाव्या वर्षापासून नव्वदाव्यापर्यंत मेंदूच्या बाह्य थरातल्या साधारण दहा टक्केच पेशी कमी होतात.

आजीला मी चूक दाखवली नाही. फक्त उत्तरातल्या अंकांची बेरीज करायला सांगितलं. आठ, सहा, तीन, दोन. “एकोणीस. मग नऊने भाग कसा जाईल? चुकलं की!” कापरेकरांच्या वजाबाकीत प्रत्येक उत्तराला नऊने भाग जायलाच हवा. संख्येला नऊने भागून काय बाकी उरते ते तिच्या अंकांच्या बेरजेवर ठरतं. इथे वरच्या आणि खालच्या संख्येत अंक तेच आहेत, फक्त जागा बदलल्यात. म्हणून बाकी सारखीच, आणि वजा करताना ती उडून जाते. आजीने पुन्हा केलं: ८५३२. बेरीज अठरा. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४.

याच कारणाने मला या कोड्याचा इतका लळा आहे. कुणी लाल पेन घेऊन शेजारी बसावं लागत नाही, आपली चूक आपल्याला सापडते. नव्वदीतल्या माणसाला दिवसभर सगळे दुरुस्तच करत असतात.

एक शेजारीण म्हणाल्या, ६१७४ ची बेरीज शेवटी नऊ येते, नऊ मंगळाचा अंक, म्हणूनच यात शक्ती. असं काही नाही. नऊ येतो कारण आपण दहाच्या पटीत मोजतो. आठाच्या पटीत मोजणाऱ्यांना तिथे सात मिळाला असता.

आता निरोपातल्या त्या वचनाबद्दल. अमेरिकेत ६५ ते ९४ वयाच्या २,८३२ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. एका गटाला अंकांच्या आणि अक्षरांच्या मालिकांतला क्रम ओळखण्याचा सराव दिला, दहा बैठका. दहा वर्षांनंतरही त्या कामात तो गट पुढे होता, पण त्याच कामात. त्याने स्मरणशक्ती वाढली नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांचा पाठपुरावा झाला. आयुष्यभर डोकं चालवणाऱ्यांची उतरण इतरांइतकीच होती, पण ती सुरू झाली वरच्या पायरीवरून. ९१ व्या वर्षी ती वरची पायरी मला मोलाची वाटते. तेवढं सोडून ‘अल्झायमर टळेल’ म्हणणारे निरोप आणि ॲप यांवर विश्वास ठेवू नका. आई-वडिलांना ऐकू कमी येत असेल तर आधी कानाचं मशीन करा. ऐकू न येणं हे स्मृतिभ्रंशाच्या मोठ्या, टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे.

कोडं मात्र जरूर ठेवा, बोटभर अंकांत, टीव्ही बंद करून. सुरुवात तीन अंकी संख्येने करा, तिथे मुक्काम ४९५. अंक लिहून द्या, नुसते सांगू नका. आपण ‘शहात्तर’मध्ये सहा आधी म्हणतो आणि सात आधी लिहितो, ती उलटापालट करण्यातच हातची स्मृती खर्च होते. हातचा पहिले काही दिवस टिंब देऊन कागदावर ठेवू द्या. जमलं की टिंब काढा. सगळं सहज येऊ लागलं, की तेही पाढ्यासारखं झालं. मग अंक वाढवा.

आजी आता टिंब देत नाही. काल चहाच्या वेळी तिने विचारलं, “आणि पाच अंकी घेतला तर कुठे थांबतं?” पाच अंकी संख्यांना असा एक मुक्काम नाही, त्या शेवटी ठरावीक संख्यांच्या चक्रात फिरत राहतात. हे मी तिला सांगितलेलं नाही. जुलैचं पान तिने त्यासाठी फाडून उशाशी ठेवलंय.