केमिस्ट्री संस्थेची नोंदणी आणि बदल अर्ज : कागद नेमके कुठे अडतात

कॉलेजचे प्राध्यापक, कारखान्यांतले केमिस्ट आणि निवृत्त शास्त्रज्ञ एकत्र येऊन अनेक शहरांत रसायनशास्त्राचं एखादं मंडळ चालवतात. महिन्याचं व्याख्यान, शाळांमध्ये प्रयोग, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, मधूनच एखादा परिसंवाद. नोंदणीवाचून वर्षानुवर्षं काही अडत नाही. मग कुणीतरी प्रायोजक विचारतो, 'चेक कोणाच्या नावे काढू?' आणि तिथून धावपळ सुरू होते. ही माहिती महाराष्ट्रातल्या अशा मंडळांसाठी आहे, आणि ज्यांची नोंदणी झाली आहे पण बदल अर्ज (नवी कार्यकारिणी, नवा पत्ता असे बदल कळवणारे अर्ज) अडकले आहेत त्यांच्यासाठी तर जास्तच.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: वेगळी नोंदणी हवीच आहे का? तुम्ही एखाद्या राष्ट्रीय संस्थेची स्थानिक शाखा असाल तर मूळ संस्थेची नोंदणी, तिचा पॅन आणि तिचे हिशेब यांच्यावरच काम चालू शकतं. कोलकात्यात १९२४ साली सुरू झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीसारख्या जुन्या संस्थेचं नाव पुढे लावून आपली स्वतंत्र संस्था नोंदवायला गेलात, तर मूळ संस्थेच्या पत्राशिवाय कागद हलणार नाही. आधी नोंदलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव चालत नाही. सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल असं नाव १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यात अडकतं. साधं गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव घ्या आणि दोन पर्याय जास्तीचे तयार ठेवा.

नोंदणी दोन कायद्यांखाली होते, आणि निम्मा गोंधळ इथेच असतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली 'संस्था' नोंदली जाते. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तीच संस्था 'सार्वजनिक न्यास' म्हणून नोंदावी लागते. पहिलं प्रमाणपत्र हातात आलं की लोक पेढे वाटून मोकळे होतात. दुसऱ्यासाठी कलम १८ प्रमाणे ३ महिन्यांची मुदत आहे, हे प्रमाणपत्राच्या कागदावर कुणी ठळक लिहून देत नाही. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात, म्हणून ती एकच वाटतात. तसं नाही: टेबलं वेगळी, नंबरही वेगळे. न्यास म्हणून नोंद झाल्यावर मिळणारा नंबर 'एफ'ने सुरू होतो, कारण नोंदवहीत संस्थांचा वर्ग एफ आहे. तुमच्याकडे एफ नंबर नसेल तर काम अर्धंच झालंय.

नोंदणीला लागतं ते असं: किमान ७ जण, विधानपत्र (संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारा कागद), नियमावली, ओळखपत्रं, प्रत्येकाचं संमतीपत्र, अर्ज करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी स्टॅम्प. यात फारसं काही अडत नाही. नियमावलीच्या प्रतीवर कार्यकारी मंडळातल्या किमान तिघांनी ती खरी प्रत असल्याचं सही करून सांगायचं असतं, तेवढं विसरू नका.

खरं अडतं ते उद्देशांच्या कलमात. व्यावसायिक मंडळी संस्था काढतात तेव्हा पहिला उद्देश हमखास असा असतो: 'सभासद केमिस्टांचे हितसंबंध जपणे व त्यांच्या अडचणी सोडवणे.' हे वाक्य वाचलं की समोरचा अधिकारी पेन खाली ठेवतो. त्याचंही चुकत नाही. धर्मादाय उद्देश म्हणजे काय, हे न्यास कायद्याच्या कलम ९ मध्ये दिलं आहे: गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, करमणुकीच्या सोयी आणि सर्वसाधारण लोकोपयोगी काम. फक्त आपल्याच सभासदांचं भलं हे त्यात बसत नाही. ते काम कामगार संघटनेचं. १८६० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये मात्र विज्ञानाचा प्रसार आणि उपयुक्त ज्ञानाचा प्रसार हे शब्द जवळपास जसेच्या तसे आहेत. तुमची संस्था खरोखर जे करते तेच लिहा: रसायनशास्त्राचं शिक्षण, लोकांसाठी खुली व्याख्यानं, शिक्षकांना प्रयोगांचं प्रशिक्षण, रसायनं सुरक्षितपणे हाताळण्याविषयी माहिती, विद्यार्थ्यांना मदत. 'जात, धर्म, लिंग असा भेद न करता सर्वांसाठी' हेही त्यातच लिहून टाका. सभासदांना मिळायचे ते फायदे आपोआप मिळतात, ते उद्देशात मिरवायची गरज नसते.

आणि हे आत्ताच नीट करा. नंतर उद्देश बदलायचे म्हटलं तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ समोर येतं. प्रस्ताव प्रत्येक सभासदाकडे सभेच्या १० दिवस आधी गेलेला असला पाहिजे, विशेष सभेत तीन पंचमांश मतं पाहिजेत, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तीन पंचमांशांनीच त्यावर शिक्कामोर्तब करायला हवं. निम्मे सभासद पाळीची ड्युटी करणारे असतील तर दुसऱ्या सभेला किती येतात ते दिसेलच.

दुसरी अडचण पत्त्याची. नोंदणीकृत कार्यालय म्हणून बहुतेक जण सचिवाच्या घराचा पत्ता देतात. त्यासाठी जागेच्या मालकाचं ना हरकत पत्र आणि जागेचा पुरावा लागतो. लाइट बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर, घर आईच्या आणि दोन भावांच्या नावावर, आणि ना हरकत पत्र एकट्या सचिवाच्या सहीचं: अशी फाइल परत येणारच. मग पत्ता कॉलेजचा द्यावा असं सुचतं. कॉलेजची प्रयोगशाळा सहज वापरायला मिळते, पण प्राचार्यांचं एका ओळीचं पत्र त्यासाठी पुरत नाही, कारण कॉलेज चालवणारी संस्थाही बहुधा न्यासच असते आणि जागा तिची असते. तिच्या कार्यकारिणीचा ठराव लागतो. तो मिळवायला महिने जातात आणि तुमचे प्राचार्य निवृत्त झाले की नवे प्राचार्य विचारतात, हे कोण? ज्याच्या नावावर घर आहे आणि ज्याला त्याची हरकत नाही, अशा सभासदाचा पत्ता सगळ्यांत बरा.

तिसरी गोष्ट अर्ज नाकारला जाण्याची नाही, पण माणसांना अडचणीत आणणारी. संस्थापकांमध्ये केंद्र सरकारच्या नोकरीतले शास्त्रज्ञ असतील तर १९६४ च्या वर्तणूक नियमांमधला नियम १५ वाचा. वैज्ञानिक संस्थेच्या नोंदणीत किंवा कारभारात भाग घ्यायला पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र महिन्याच्या आत कार्यालयाला कळवावं लागतं. निवडणुकीने मिळणारं पद घ्यायचं असेल तर मात्र आधी परवानगी. म्हणजे संस्थापक सभासद चालेल, पण निवडून आलेला अध्यक्ष व्हायचं तर आधी कागद हवा. इतर नोकरदारांनी आपापले सेवानियम पाहावेत. नोंदणी कार्यालय हे कधीच विचारत नाही. विचारलं जातं ते नंतर, बढतीच्या वेळी, कुणीतरी तक्रार केल्यावर.

न्यास नोंदणीच्या अर्जावर कलम १९ खाली चौकशी होते. हा शब्द ऐकून घाबरू नका, ती नोंदणीचीच पायरी आहे. मालमत्तेचा रकाना मात्र कोरा सोडू नका. सुरुवातीला जमवलेली रक्कम असेल तर ती लिहा, कुणी दिलेला जुना तराजू आणि पुस्तकांचं कपाट असेल तर तेही लिहा.

आता बदल अर्जाकडे. नव्या नोंदणीपेक्षा जास्त फाइली इथे सडतात.

न्यास कायद्याचं कलम २२ सांगतं, न्यासाच्या नोंदवहीत असलेल्या कोणत्याही नोंदीत बदल झाला की बदल झाल्या दिवसापासून ९० दिवसांच्या आत कळवायचं. नवी कार्यकारिणी, राजीनामा, मृत्यू, पत्ता बदलणं, सगळं त्यात येतं. 'दर तीन वर्षांनी निवडणूक झाली की एकदम कळवू' हा समज चुकीचा. अध्यक्ष मध्येच वारले तर ९० दिवस त्या तारखेपासून मोजायचे, पुढच्या वार्षिक सभेपासून नाही. उशीर झाला असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर योग्य कारण दाखवून आणि खर्चाची रक्कम भरून विलंब माफ करून घेता येतो, तेव्हा हातपाय गाळू नका. पण कारण खरं पाहिजे. 'परीक्षांचा हंगाम होता' हे चार वर्षांच्या विलंबाचं कारण होत नाही.

यातच दुसरी मुदत मिसळते. १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यकारी मंडळाच्या सदस्यांची नावं, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी दरवर्षी द्यायची असते, वार्षिक सभा झाल्यावर १४ दिवसांच्या आत. नियमावलीत वार्षिक सभेची तरतूदच नसेल तर जानेवारीत. ही यादी दिली म्हणजे बदल अर्ज दिला असं होत नाही, आणि उलटही नाही. दोन्ही स्वतंत्रपणे द्या आणि दोन्हींची पोच जपून ठेवा.

बदल अर्ज परत येतो तो फॉर्म चुकला म्हणून नव्हे. कार्यालय तुमचीच नियमावली उघडून बसतं आणि एकेक गोष्ट तिच्याशी ताडून बघतं. सभेची सूचना किती दिवस आधी? ती सगळ्यांना पोचली याचा पुरावा? गणसंख्या होती का? मतदान केलेले लोक त्या दिवशी वैध सभासद होते का? इथे जो कागद कुणाकडेच नसतो तो म्हणजे सभासद नोंदवही. वर्गणी कुणी, कधी, कोणत्या पावतीने भरली हे खजिनदाराच्या मोबाइलमध्ये असतं आणि खजिनदार मुलाकडे परदेशी असतो. सूचना ग्रुपवर टाकलेली असते. नियमावली मात्र कुणाच्या तरी जुन्या संस्थेवरून उतरवलेली, तिच्यात 'टपालाने' असं लिहिलेलं. मग टपालाची पावती कुठून आणणार?

मी पाहिलेल्या एका इतिवृत्त वहीत निवडणुकीच्या सभेची नोंद अशी होती: 'नवीन कार्यकारिणी सर्वानुमते निवडण्यात आली. आभार व चहापानानंतर सभा संपली.' बस. नावं नाहीत, सूचक-अनुमोदक नाहीत, हजेरीच्या सह्या वेगळ्या सुट्या कागदावर आणि त्यावर तारीख नाही. ज्यांची प्रयोगवही तापमानाच्या दशांशापर्यंत चोख असते त्या माणसांनी लिहिलेलं हे इतिवृत्त! निवडलेल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, पद, कार्यकाळ कधीपासून कधीपर्यंत, कोण मावळलं आणि का, हे त्याच पानावर आलं पाहिजे. मावळत्या सदस्यांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र मिळालं तर काम पुष्कळ लवकर होतं, म्हणून ते सभेनंतर आठवड्याभरातच घ्या. वर्षभराने रुसवेफुगवे झाले की तीच सही मिळत नाही, अर्ज वादग्रस्त ठरतो आणि तारखा पडत राहतात.

नियमावली अजून नवीन असेल तर दोन वाक्यं आवर्जून घाला. एक, सूचना ईमेल किंवा मोबाइल संदेशाने पाठवली तरी चालेल. दुसरं, नवी कार्यकारिणी निवडून येईपर्यंत जुनी कार्यकारिणी काम पाहील. हे दुसरं वाक्य नसेल आणि निवडणूक लांबली, तर सभा बोलवायचा अधिकार कुणाला यावरच प्रश्नचिन्ह लागतं.

हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि त्यांचं लेखापरीक्षण ६ महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, व्हायला हवं. तुमचा सनदी लेखापाल आयकराचं सगळं करतो, पण न्यास कायद्याच्या परिशिष्ट ८ आणि ९ मधले ताळेबंद व जमाखर्च वेगळ्या नमुन्यात असतात. ते मागून घ्या. 'केलं असेल त्यांनी' असं धरून चालू नका.

देणगीदाराला आयकरात सूट हवी असेल तर संस्थेच्या नावे पॅन काढून आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ती सुरुवातीला ३ वर्षांची तात्पुरती असते. ती संपायच्या किमान ६ महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पुढचा अर्ज करायचा. लोक '३ वर्षं' एवढंच वाचतात आणि 'जे आधी येईल' सोडून देतात. नोंदणी होताच व्याख्यानं सुरू केलीत तर तुमचे ६ महिने तिथूनच चालू झाले.

परदेशातली एखादी रसायनशास्त्र संस्था स्थानिक कार्यक्रमाला पैसे द्यायला तयार असेल तर आनंदाने लगेच खाते क्रमांक कळवू नका. परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती रक्कम घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी, मागच्या ३ आर्थिक वर्षांत तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत, आणि परदेशातून येणारी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. छोट्या मंडळांना हे जमत नाही. अशा वेळी पूर्वपरवानगीचा अर्ज करा, नाहीतर त्या संस्थेला सांगा की वक्त्याचं विमानाचं तिकीट आणि हॉटेल तुम्हीच परस्पर भरा.