शेवटचा अर्धा मिलिमीटर: व्हायोलिनच्या कारागिरीत यंत्र कुठवर आले

अमेरिकेतल्या मिनेसोटाचे रेडिओलॉजिस्ट स्टीव्हन सिर यांनी २०११ साली एका स्ट्रॅडिव्हेरियसची, म्हणजे अंतोनियो स्त्रादिवारी यांनी घडवलेल्या व्हायोलिनची, प्रतिकृती लोकांपुढे आणली. मूळ वाद्य १७०४ सालचे. 'बेट्स' या नावाने ते ओळखले जाते आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवले आहे. सिर यांनी सीटी स्कॅनवर त्याच्या हजाराहून जास्त प्रतिमा घेतल्या, त्यांतून त्रिमितीय आराखडा तयार केला आणि त्यावरून सीएनसी यंत्राने (संगणकाच्या आज्ञेनुसार कोरणाऱ्या यंत्राने) पोटाची, म्हणजे तारांखालची, फळी, पाठीची फळी आणि डोक्याचे वळण कोरून काढले. पुढचे काम जॉन वॉडल आणि स्टीव्ह रॉसो या दोन कारागिरांनी केले: फळ्यांवरचा शेवटचा हात, जुळणी आणि व्हार्निश. यंत्राने कुठे थांबायचे आणि हाताने कुठून सुरुवात करायची, हा प्रश्न मात्र सीटी स्कॅनहून कितीतरी जुना आहे.

व्हायोलिन आज ज्या रूपात दिसते ते सोळाव्या शतकात इटलीतल्या क्रेमोना गावी आंद्रेया अमाती यांच्या हातून स्थिरावले. अंतोनियो स्त्रादिवारी (मृत्यू १७३७) आणि 'देल जेझू' म्हणून ओळखले जाणारे ग्वार्नेरी (१६९८–१७४४) त्याच गावचे. स्त्रादिवारींचे लाकडी साचे, नमुने आणि हत्यारे आज क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात आहेत. ज्युसेप्पे फियोरिनी या कारागिराने ती विकत घेतली आणि १९३० साली गावाला देऊन टाकली. हे साचे पाहिले की एक गोष्ट लगेच कळते. त्या काळीही मोजमाप कसोशीने होत होते, फक्त ते कागदाऐवजी लाकडात साठवलेले होते.

साच्याची पद्धत अशी. आतल्या साच्याच्या खाचांत सहा ठोकळे बसवतात, वर एक, खाली एक आणि चार कोपऱ्यांना चार. मेपलची जेमतेम १ मिलिमीटर जाडीची पट्टी ओली करून तापलेल्या लोखंडावर वाकवतात आणि ठोकळ्यांना सरसाने चिकटवतात. या झाल्या बरगड्या. लाटांची नक्षी असलेला मेपल दिसायला देखणा, पण लाटेपाशी त्याचे तंतू आखूड होतात आणि घाई केली की पट्टी नेमकी तिथेच मोडते. यात अंदाज लागतो तो लाकूड हाताखाली 'सैल' पडल्याच्या क्षणाचा. बरगड्यांची चौकट तयार झाली की पोटाची फळी स्प्रूसची आणि पाठीची मेपलची. पाठीच्या फळीची लांबी साधारण ३५५ मिलिमीटर. पोटाची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. पाठ मध्यभागी साडेचार मिलिमीटरच्या आसपास असते आणि कडेला निम्म्यापर्यंत उतरते. सगळे मिळून सत्तरहून अधिक तुकडे. क्रेमोनाची ही कारागिरी २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिथला कारागीर वर्षाकाठी तीन ते सहा वाद्ये करतो.

विज्ञान या कार्यशाळेत शिरले एकोणिसाव्या शतकात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स साव्हार यांना पॅरिसचे नामांकित कारागीर जाँ-बातीस्त व्हियोम यांनी जुन्या इटालियन वाद्यांच्या सुट्या फळ्या हाताळायला दिल्या. साव्हार यांनी फळीवर वाळू पसरून ती कंप पावते तेव्हा कोणत्या आकृत्या उमटतात ते पाहिले. चांगल्या वाद्यांत पाठीचा टकटकीचा (बोटाने ठोकल्यावर निघणारा) स्वर पोटापेक्षा अर्ध्या ते एक स्वराने वर असतो, असे त्यांना आढळले. विसाव्या शतकात अमेरिकेत कार्लीन हचिन्स यांनी हाच धागा पुढे नेला. फळी फोमवर ठेवायची, खाली लाउडस्पीकर लावायचा, वर चमकी किंवा चहाची पत्ती भुरभुरायची आणि आवाजाची कंपनसंख्या हळूहळू वाढवत न्यायची. ठरावीक कंपनसंख्येला पत्ती गोळा होऊन फुलीसारखी आकृती उमटते, आणखी वर गेले की कड्यासारखी. कड्याची कंपनसंख्या फुलीच्या दुप्पट यावी, या बेताने फळी आतून खरवडायची. १९६३ साली याच कामातून 'कॅटगट अकूस्टिकल सोसायटी' उभी राहिली.

या पद्धतीने अनेकांना शिस्त दिली, पण मोकळी फळी आणि बरगड्यांना चिकटलेली फळी यांची वागणूक सारखी नसते. मोकळ्या फळीवर आकडे तंतोतंत जुळवलेले वाद्य फळ्या चिकटवून पुरे केल्यावर मुके निघाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. आकड्यांमुळे फळी किती पातळ करायची याची मर्यादा कळते. आवाज कसा येईल, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

यंत्राच्या बाजूने झालेला दुसरा प्रयोग फ्रान्सच्या मिरकूरमध्ये घडला. तिथल्या कारखान्यांत काही स्वस्त वाद्यांच्या फळ्या कोरण्याऐवजी उष्णतेने आणि दाबाने वाकवल्या जात. वेळ वाचला, पण कोरीव फळीत तंतू कापले जाऊन उठाव तयार होतो, तर दाबलेल्या फळीत लाकूड सक्तीने वाकलेले असते आणि दमट हवेत ते मूळच्या सपाटपणाकडे ओढ घेते. अशी वाद्ये जुन्या बाजारात अजून सापडतात.

आता सीएनसी आणि सीटी स्कॅनकडे. यंत्राचा कटर दिलेल्या आकारावर साधारण अर्धा ते एक मिलिमीटर माल शिल्लक ठेवतो, आणि तो मुद्दाम ठेवायचा असतो. फळीला उठाव असल्याने तंतूंची दिशा तिच्यावर जागोजागी बदलते. कटर तंतूंच्या उलट गेला की स्प्रूस उपटला जातो. तो खड्डा नंतर भरून येत नाही, म्हणून खालचा माल राखून ठेवायचा. पुढे छोट्या पितळी रंध्याने आणि पोलादी पत्र्याच्या खरवडणीने हाताने उतरवायचे. खरवडणी बोथट असली तर स्प्रूसमधली वसंतातली मऊ वलये दाबली जातात, नंतर फुगून वर येतात आणि पृष्ठभाग कॉर्डुरॉयसारखा दिसतो.

हात लागतो याचे खरे कारण मात्र लाकडात आहे. स्प्रूसची घनता एका ओंडक्यापासून दुसऱ्यापर्यंत सहज बदलते. एका घनमीटरला ३६० किलो असलेल्या लाकडाची फळी ६५ ग्रॅम भरत असेल, तर अगदी त्याच आकाराची ४३० किलोच्या लाकडाची फळी ७८ ग्रॅमच्या आसपास जाते. वीस टक्के जास्त वजन म्हणजे निराळेच वाद्य. आकाराची नक्कल अचूक असली तरी लाकडाची नक्कल होत नाही. शिवाय तीनशे वर्षांच्या तारांच्या ताणाने जुनी फळी कुठे बसलेली असते, कुठे फुगलेली. आधीच्या दुरुस्तीवाल्यांनी ती आतून खरवडलेली, ठिगळे लावलेली असते. स्कॅन हे सगळे इमानाने टिपतो. ते जसेच्या तसे कोरले तर म्हाताऱ्या शरीराची दुखणी नव्या लाकडाला चिकटतात. म्हणून जाणता कारागीर स्कॅनमधून मूळ उठाव कसा असेल ते काढतो आणि विकृती सोडून देतो. ही निवड यंत्र करत नाही.

तंत्रज्ञानाचे सर्वांत मोठे देणे कोरण्यात नाही, पाहण्यात आहे. वाद्य न उघडता आत ठेवलेल्या चुंबकाच्या मदतीने जाडी मोजणारे उपकरण आज दुरुस्तीच्या टेबलावर नेहमीचे झाले आहे. झाडाच्या वलयांवरून लाकडाचे वय काढता येते. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या 'मेसाया' या १७१६ च्या व्हायोलिनच्या अस्सलपणावर शंका घेतली गेली, तेव्हा त्याच्या पोटावरचे सर्वांत अलीकडचे वलय १६८७ चे निघाले. म्हणजे काळ जुळला. बेरेंड स्टूल आणि टेरी बोरमन यांनी २००८ साली सीटी स्कॅनवरून दाखवले की जुन्या क्रेमोनी आणि नव्या लाकडाच्या सरासरी घनतेत फारसा फरक नाही, मात्र जुन्या लाकडात वसंतातल्या आणि उन्हाळ्यातल्या वलयांमधला फरक कमी आहे.

याच काळात क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी केलेल्या चाचण्या कारागिरांना बळ देणाऱ्या ठरल्या. पॅरिसच्या चाचणीत काळे चष्मे लावलेल्या दहा नावाजलेल्या वादकांपुढे सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिने होती. दहापैकी सहा जणांनी नवे वाद्य निवडले. कर्टिन स्वतः व्हायोलिन बनवतात, म्हणून या संशोधनाला आतली जाण आहे.

हात आणि उपकरण यांचे नाते सर्वांत नीट दिसते ते जोव्हानी लुक्की यांच्या कामात. क्रेमोनातले हे गज बनवणारे कारागीर. लाकडातून ध्वनी किती वेगाने जातो हे मोजून त्याची ताठरता सांगणारे यंत्र त्यांनी स्वतःच्या गरजेपोटी तयार केले. चांगल्या स्प्रूसमध्ये हा वेग तंतूंच्या दिशेने सेकंदाला पाच ते सहा हजार मीटर असतो. आता फळी कोरण्याआधीच कळते की लाकूड हलके आणि ताठ आहे की जड आणि ढिले, आणि जाडीचा अंदाज पहिल्या दिवशीच बांधता येतो.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पदर आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड तंतूंना आडवे फुगते आणि हिवाळ्यात आकसते. फळी मुद्दाम पातळ केलेल्या प्राण्यांच्या सरसाने चिकटवली असेल तर ताण आल्यावर सांधा उघडतो आणि फळी वाचते. तो पुन्हा चिकटवणे तासाभराचे काम. कोणी टिकाऊपणाच्या हौसेने पांढरा कृत्रिम डिंक वापरला की सांधा धरून राहतो आणि स्प्रूस उभा चिरतो. शिवाय हिंदुस्थानी पद्धतीत तारा सा-प-सा-प अशा आणि बहुधा उतरवून लावतात. तारांचा दाब घटल्याने आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभी असलेली सहा मिलिमीटर जाडीची काठी, सैल होऊन सरकू शकतो. पोकळीतल्या हवेचा मुख्य अनुनाद २७५ हर्ट्झच्या आसपास, पाश्चात्त्य जुळणीतल्या मोकळ्या 'डी' तारेच्या थोडा खाली असतो. तार उतरवली तरी तो जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचा आधार वेगळ्या सुराला मिळतो. यासाठी साउंडपोस्ट किंचित लांब कापून बसवायचा आणि घोडीच्या पायाखाली अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने सरकवत, गज फिरवून ऐकत, जागा पक्की करायची.