गाडीचा आवाज आणि गॅरेजातला गैरसमज

“पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग गेले आहे, तेवढे बदलून द्या,” असे सांगून गाडी सोडून जाणारी गिऱ्हाइके नाशिकमधल्या मेकॅनिकांना काही नवी नाहीत. मेकॅनिक बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर सहज फिरते ते छऱ्यांचे कडे, बदलतो, गिऱ्हाईक बिल भरते आणि गाडी पाथर्डी फाट्याला पोहोचेपर्यंत तीच घूं-घूं पुन्हा सुरू होते. गिऱ्हाइकाला वाटते की आपल्याला फसवले. मेकॅनिकला वाटते की सांगितले तेच काम तर केले. माझ्या मते अशा बहुतेक तंट्यांच्या मुळाशी लबाडी नसते. लक्षण सांगायचे सोडून निदान सांगितलेले असते, आणि तेही अशा कानांच्या भरवशावर, ज्यांना बंद गाडीत आवाजाची जागा नीट उमगत नाही.

आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू मुख्यतः दोन्ही कानांना तो किती मागेपुढे आणि किती मोठा ऐकू आला यावरून ठरवतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. उघड्या मैदानात तेवढा पुरतो. मात्र गाडीत काचा, छत आणि दारे यांवरून आवाज परततो आणि हिशेब बिघडतो. शिवाय हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जाणारा आवाज पोलादातून साधारण ५ किलोमीटर वेगाने धावतो. त्यामुळे मागच्या चाकाशी उठलेली कंपने सांगाड्यातून पुढे येऊन डॅशबोर्डच्या पत्र्यात घुमतात आणि चालकाला दोष पायाशी असल्याचे वाटते.

म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो आणि कोणत्या लयीत येतो, हे सांगणे कितीतरी उपयोगाचे ठरते. लहान गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर असतो, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाने ते सेकंदाला साधारण ३ वेळा फिरते आणि ताशी ६० ला ९ वेळा. टक-टक जर याच लयीत, वेगाबरोबर वाढत असेल तर ती चाकाची आहे, आणि पुष्कळदा टायरच्या खाचेत अडकलेला एखादा खडाच तिचे कारण असतो. गाडी उभी असताना केवळ रेस केल्यावर आवाज वाढत असेल तर चाकांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कट-कट येत असेल तर संशय एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर जातो. त्याचे रबरी आवरण (बूट) फाटले की ग्रीस बाहेर पडते आणि धूळ आत शिरते.

बेअरिंगची परीक्षा तर पाहण्यासारखी असते. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे डाव्या वळणावर घूं-घूं वाढली तर दोष बहुधा उजवीकडे असतो. मग अनुभवी मेकॅनिक गाडी जॅकवर घेतो, एका हाताने चाक फिरवतो आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवून ठेवतो. बेअरिंग खराब असेल तर कानाला न कळणारी बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. ती जाणवली नाही, तर टायर वेडेवाकडे झिजले असण्याची शक्यता मोठी. पुढचे टायर मागे टाकून आवाजाची जागा बदलते का, हे पाहणे नवे बेअरिंग घेण्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

गॅरेजात नेल्यावर आवाज बंद होतो, यातही गूढ काही नाही. पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बिडाच्या ब्रेक डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, सकाळी तो घासताना आवाज करतो आणि चार-सहा ब्रेक लागले की निघून जातो. थंड इंजिनची टिकटिकही धातू तापून फुगले की थांबू शकते. असा आवाज ऐकवायचा असेल तर गाडी रात्री गॅरेजात ठेवावी आणि मेकॅनिकलाच सकाळी पहिल्यांदा ती सुरू करू द्यावी. इंजिन बंद केल्यावर खालून येणारी टिक-टिक मात्र सायलेन्सरचे पत्रे आकसल्याची असते, आणि एसी चालू असताना गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी हे हवेतल्या बाष्पाचे असते. एसीचा गॅस गळतो तो असा दिसत नाही.

निफाडकडे थंडी पडली की सकाळी दहा-दहा मिनिटे गाडी उभ्याने तापवणारे दिसतात. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात त्याला अर्थ होता. आताच्या गाड्यांतली इंधन फवारणारी इंजेक्शन यंत्रणा तापमान मोजून इंधनाचे प्रमाण स्वतःच ठरवते. अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश निघाले तर इंजिन उभ्यापेक्षा लवकर तापते.

याहून घातक समजूत कसारा घाटात दिसते: उतारावर न्यूट्रल केले की पेट्रोल वाचते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनला फिरवतात आणि इंजेक्शनची यंत्रणा इंधन जवळजवळ पूर्ण तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते द्यावेच लागते. शिवाय १,२०० किलोंची गाडी ३०० मीटर खाली उतरताना सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे १० लिटर पाणी उकळीला आणण्याहून अधिक. त्यातली काही हवेचा विरोध आणि टायर घेतात. इंजिनचा रोध काढून टाकला की उरलेली सगळी ब्रेकवर पडते. पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारे डॉट ३ दर्जाचे ताजे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु ते हवेतली ओल शोषते आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट खाली जाते, कारण द्रव दाबला जात नाही आणि वाफ दाबली जाते. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीवाल्याने स्वतः विचारल्याशिवाय ते बहुतेकदा राहून जाते.